धुक्यात ज्याला दोर मारला

ही घटना खरी आहे. माझ्याच घरात घडली, आणि अजून संपलेली नाही. तुम्ही विश्वास ठेवाच, असा माझा हट्ट नाही. कोणाला काही पटवून देण्याचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. जे झालं ते सांगते, एवढंच.

अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे. आमची भर दुपारी घडली. सप्टेंबरचा पहिला शनिवार होता, आणि आम्ही त्रिग्लावच्या शिखरावर होतो.

मी पोलोना. मॉयस्त्राना गावची. त्रिग्लावच्या पायथ्याशी आमचं घर आहे. हा डोंगर आमच्या देशाच्या झेंड्यावर आहे, खिशातल्या नाण्यावर आहे. आयुष्यात एकदा तरी वर जाऊन यायचं, हे आमच्याकडे प्रत्येकाला ठाऊक असतं. जो गेला नाही त्याला लोक विचारतात, "मग तू नक्की कुठला रे?"

हसत हसतच विचारतात. पण विचारतात.

पहिल्यांदा शिखरावर पोचलेल्या माणसाला तिथे ओणवं करतात आणि बुडावर दोराचे तीन फटके मारतात. आम्ही त्याला बाप्तिस्मा म्हणतो. हे आयुष्यात एकदाच. पुढे शंभर वेळा वर जा, दोर पुन्हा अंगाला लागत नाही.

आमच्या घरात याला एक शेपूट जोडलेलं होतं. माझे वडील डोंगरावर वाटाड्या होते, त्यांनीच ते जोडलं. फटके झाले की मारणाऱ्याने विचारायचं, "हा कोणाचा?" आणि घरातल्या कोणीतरी ओरडून म्हणायचं, "आमचा!" तेव्हाच त्या माणसाने सरळ उभं राहायचं. कधी कधी आम्ही मुद्दाम गप्प बसायचो. तो बिचारा ओणव्यानेच शिव्या घालायचा, आणि आमचं हसून हसून पोट दुखायचं.

माझ्या नवऱ्याचं, लोव्रोचं, हे सगळं राहून गेलं होतं. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

लोव्रो देशाच्या पार दुसऱ्या टोकाचा, सपाट मुलखातला. तिथे उंच म्हणजे चर्चचा मनोरा आणि त्यावरचं करकोच्याचं घरटं. वडील त्याला दर रविवारी जेवताना डिवचायचे. "जावईबापू, डोंगर जागेवरच आहे हो. तुमची वाट बघून थकला, पण पळाला नाही." लोव्रो लाल व्हायचा, ताटात बघायचा आणि म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की."

वडील गेले, पण लोव्रोचं पुढचं वर्ष काही आलं नाही.

आमची मुलगी नेझा एकोणीस वर्षांची. तिलाही वर जायचं होतं, पण ती बाबासाठी थांबली होती. "आपण दोघं एकदम जाऊ, बाबा. एकदम मार खाऊ." लोव्रो हसून मान हलवायचा.

फेब्रुवारीत लोव्रो गेला. तो बस चालवायचा. छातीत कळ आली तेव्हा त्याने बस कडेला घेतली, ब्रेक ओढला, दार उघडलं आणि मग स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. प्रवाशांना वाटलं, जरा टेकला असेल.

मी रडले नाही. लोकांना वाटलं, खंबीर आहे. खंबीर कसली... मला काही वाटतच नव्हतं. तापल्या भांड्याला हात लागला तरी मागे घ्यायला उशीर व्हायचा. मग बोटांवर फोड दिसायचा, तेव्हा कळायचं की भाजलं.

नेझाचं उलटं झालं. ती आतून पेटल्यासारखी झाली, आणि तिने खाणं सोडलं. एक घास, दोन घास, की ताट बाजूला. उन्हाळ्यापर्यंत तिची हाडं वर आली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर तिला इस्पितळात ठेवावं लागेल. मला फक्त एवढं समजत होतं की ही पोर माझ्या डोळ्यांदेखत संपत चालली आहे, आणि मी ते खिडकीबाहेर बघावं तसं बघते आहे.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी तिने स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचा आजोबांचा दोर काढला आणि टेबलावर ठेवला.

"आई, आपण वर जाऊ या. बाबाचं राहिलंय. मी गेले म्हणजे त्याचंही होईल."

मी माझ्या धाकट्या भावाला, आन्झेला, फोन केला. वडिलांच्या मागे वाटाड्याचं काम तोच करतो. म्हणाला, "आण तिला. चालली तर भूक तरी लागेल."

व्राताच्या दरीतून आम्ही उजाडताच निघालो. आभाळ स्वच्छ होतं. नेझा चालत होती. दर वळणावर आन्झे तिच्या हातात काहीतरी कोंबायचा, कधी सुकं सॉसेज, कधी अक्रोड, आणि ती ते गुपचूप माझ्या खिशात टाकायची. दुपारी क्रेदारित्साच्या विश्रामघरात जड सामान टाकलं. आन्झेने शिखराकडे बघितलं. "आत्ताच उरकून घेऊ. उद्याचा भरवसा नाही."

तिथून पुढे धार आहे. दोन्ही बाजूंना दरी, आणि खडकात ठोकलेली पोलादी तार. तारेत आपल्या कमरपट्ट्याची कडी अडकवायची, पुढे सरकायचं, खुंटी आली की कडी काढून पलीकडे अडकवायची. खट्... सरक... खट्. आन्झे पुढे, नेझा मध्ये, मी शेवटी.

अर्ध्या धारेवर धुकं आलं.

आलं म्हणजे खालून वर चढलं. दोन मिनिटांत नेझाची लाल पिशवीसुद्धा दिसेना. आन्झेने हाका सुरू केल्या. वडिलांनी शिकवलेली रीत ती. धुक्यात पुढचा माणूस एकेकाचं नाव घेतो आणि ज्याचं नाव घेतलं त्याने "आहे" म्हणायचं. उत्तर द्यायचंच. उत्तर येत नाही तोवर हाक मारणारा जागचा हलत नाही.

"नेझा?"

"आहे."

"ताई?"

"आहे."

मी कडी काढली, खुंटीपलीकडे अडकवली. खट्.

आणि माझ्या मागे...

खट्.

मी थांबले. मागे कोणी नव्हतं. म्हणजे धुकं होतं. मला वाटलं, आवाज खडकावर आपटून आला असेल. पुन्हा कडी अडकवली. या वेळी आवाज आला नाही. पण तारेवर माझा हात होता, आणि तार... मागून ओढली जात होती. हलकेच, कोणीतरी तिला धरून चालत असावं तशी.

येत असेल मागून कोणी, असं मी मनात म्हटलं. शनिवार होता. गर्दी असतेच.

शिखरावर मात्र एकही माणूस नव्हता. फक्त तिथला छोटा पत्र्याचा मनोरा, आणि पांढरं धुकं. वारा पूर्ण पडला होता. तिथे वारा कधी पडत नाही.

आन्झेने पिशवीतून दोर काढला. "चला नवरीबाई, ओणव्या व्हा. बूड कुठाय हिचं? नुसती हाडं! माझा दोर दुखावेल."

नेझा ओणवी झाली. सप्प. सप्प. सप्प.

"ही कोणाची?"

मी म्हणायचं होतं. माझं तोंड उघडेचना. गंमत म्हणून नव्हे... शब्द जिथून येतो तिथे काही नव्हतंच. आन्झेने माझ्याकडे बघितलं. मग कसंबसं मी म्हटलं, "आमची."

नेझा सरळ झाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि तिच्या शेजारी अजून एकजण ओणवा होता.

कधी आला, कुठून आला, कोणी बघितलं नाही. भिजलेली काळपट पाठ. हात गुडघ्यांवर. मान इतकी खाली की डोकं दिसत नव्हतं.

शिखरावर हे काही नवल नाही. एकाच्या हातात दोर दिसला की दुसऱ्या घोळक्यातलेही रांग लावतात. आन्झे खूश झाला. "वा! अजून एक गिऱ्हाईक. कोणाबरोबर आलात, साहेब?"

उत्तर नाही.

"लाजताय काय! घ्या." त्याने दोर उचलला आणि मारला.

आवाज आला नाही.

दोर त्या पाठीखाली लागताना मला दिसला. नेझाला मारला तेव्हा सप्प झालं होतं. इथे काहीच नाही. तिन्ही वेळा नाही. आन्झेचा हात किंचित थांबला, पण तोंडाला सवय होती. त्याने विचारून टाकलं...

"हा कोणाचा?"

कोणी बोललं नाही. तो ओणवाच राहिला. हलला नाही. श्वास घेताना पाठ वरखाली होते ना, तीही होत नव्हती. तो वाट बघत होता.

मी नेझाकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा... फेब्रुवारीनंतर मी तो चेहरा बघितला नव्हता.

"आमचा," नेझा म्हणाली.

मध्ये धुक्याचा एक लोट आला. गेला तेव्हा तिथे कोणी नव्हतं. आन्झे मनोऱ्याला वळसा घालून आला. "गेला वाटतं. आभार तरी मानायचे, उद्धट कुठला!"

उतरताना पुन्हा हाका सुरू झाल्या.

"नेझा?"

"आहे."

"ताई?"

"आहे."

आणि माझ्या पाठीशी, अगदी जवळून...

"आहे."

हळू आवाज होता. बाईचा म्हणावा तर बाईचा नाही, पुरुषाचा म्हणावा तर तसाही नाही. आन्झेलाही ऐकू आला. तो पुढून ओरडला, "पाहुणे, सांभाळून या हो! ताईच्या अंगावर पडू नका!"

मी मागे वळले नाही. धैर्य नव्हतं असं नाही. वळावंसं वाटलंच नाही.

विश्रामघरात जव आणि घेवड्याचं सूप मागवलं. वाढणाऱ्या मुलीने चार वाडगे ठेवले.

"तीन, बाळ," आन्झे म्हणाला.

"बाहेर बाकावर बसलेत ते तुमच्यातलेच ना? आत या म्हटलं तर येईनात."

नेझा उठली आणि चौथा वाडगा बाहेर घेऊन गेली. परत आली, आणि स्वतःचा वाडगा तिने पुसून खाल्ला. वर पावाचे दोन तुकडे खाल्ले. आन्झेने मला टेबलाखालून पाय मारला. बघ, म्हणाला डोळ्यांनी. मी बघत होते. माझी पोर जेवत होती. बाहेर कोण बसलंय याच्याशी मला काय करायचं होतं?

जाताना मी बाहेर बाकावरचा तो चौथा वाडगा उचलला. भरलेलाच होता. आत माझ्या उरलेल्या सूपमधून अजून वाफ येत होती. या वाडग्यावर मात्र बर्फाचा पापुद्रा होता.

घरी आल्यावर नेझाने टेबलावर तीन ताटं मांडली. आम्ही दोघीच होतो.

"बाबा आलाय, आई. त्याचं राहिलं होतं ना, ते पूर्ण करायला आला होता. मी आमचा म्हटलं म्हणून सोबत आला."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? ती जेवत होती. महिनाभरात गालांवर रंग आला. जिन्यावरून धावत उतरायची. भोपळ्याच्या बियांचं तेल, लोव्रो त्याच्या गावाहून आणायचा ते, पावावर ओतून खायची आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणायची, "बघ बाबा, तुझ्यासारखंच खाते."

रिकामी खुर्ची.

सकाळी खुर्चीखाली ओल असायची. पुसली तर हाताला गारठा लागायचा. ओल्या दगडाचा वास यायचा. लोव्रोला डिझेलचा आणि साबणाचा वास यायचा.

मी ते मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायला मन लागतं.

ऑक्टोबरात आन्झे सरपण रचायला आला. मोसमभर तो डोंगरावरच होता. जेवायला बसला, टेबलावरची ताटं मोजली. नंतर लाकडांच्या खोपीत त्याने विचारलं, "ताई, ते जास्तीचं ताट कोणाचं?"

"लोव्रोचं."

"म्हणजे?"

"त्या दिवशी वर तू ज्याला दोर मारलास ना, तो तिचा बाबा होता, असं तिला वाटतं. त्याचं राहून गेलं होतं, म्हणून आला."

आन्झेच्या हातातला ओंडका हातातच राहिला.

"ताई... लोव्रोचं राहिलं नव्हतं."

"काय?"

"तुमच्या लग्नाआधीच्या उन्हाळ्यात मीच त्याला वर नेलं होतं. गुपचूप. लग्नाच्या पंगतीत आपल्या बाबांना सांगून त्यांना गार करायचं होतं त्याला. पोचलासुद्धा. मीच दोर मारला, मीच आमचा म्हटलं. आणि मग त्याने खाली बघितलं."

"मग?"

"मग मनोऱ्याला मिठी मारून बसला. सोडेचना. लहान पोरासारखा रडला, ताई. डोळ्यांवर रुमाल बांधून, वासराला आणतात तसा माझ्या कमरेला बांधून खाली आणला. खाली आल्यावर शपथ घातली. म्हणाला, जन्मभर मला सपाटीवरचा म्हणू देत, पण हे कोणाला सांगू नकोस. तुला तर मुळीच नाही."

मला हसू आलं. खरंच हसले मी, मोठ्यांदा, सरपणावर हात टेकून. दर रविवारी वडिलांची बोलणी खाणारा माझा नवरा! लाल होऊन ताटात बघणारा! लोव्रो गेल्यानंतर पहिल्यांदा मला त्याची आठवण आली, आणि इतकी आली की डोळे भरले.

आन्झे हसत नव्हता.

"एकदा दोर लागला की पुन्हा लागत नाही, ताई. त्याला ठाऊक होतं हे. मग तो परत ओणवा कशाला होईल?"

घरातून नेझाच्या हसण्याचा आवाज येत होता. मध्येच थांबायची, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी, आणि पुन्हा हसायची.

"मग तो कोण होता, आन्झे?"

"मला काय माहीत? मला वाटलं, कोणी पाहुणा." त्याने ओंडका खाली ठेवला. "त्या धारेवरून पडून किती जण गेलेत, ताई. शिखर दिसत असताना गेलेत. कोणाकोणाचं राहिलं असेल..."

मग म्हणाला, "बर्फ पडायच्या आत तिला वर नेऊ. जिने आमचा म्हटलं तिनेच आमचा नाही म्हणायला हवं."

"असं काही असतं का?"

"नसेलही. तुला दुसरं काही सुचतंय?"

मी आत गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. नेझा टेबलाशी होती, पावाचा तिसरा तुकडा कापत होती. मनगट भरलं होतं तिचं. ते मनगट मी बघत राहिले. तो तुझा बाबा नाही, असं सांगितलं असतं, तर हातातली सुरी तिने तिथेच ठेवली असती. मग पुन्हा एक घास, दोन घास. पुन्हा ती हाडं.

"काय गं आई?"

"काही नाही. जेव."

त्याच आठवड्यात वर बर्फ पडला. तारा गाडल्या गेल्या. आता वाट जूनमध्ये उघडेल. आन्झे फोन करतो, पण घरी येत नाही.

गेल्या रविवारी नेझा बटाटे सोलत होती. सहज म्हणाली, "आई, बाबा आता थोडं थोडं बोलायला लागलाय."

"काय बोलतो?"

"तुझं नाव विचारत होता."

माझ्या हातातली ताटं मी टेबलावर ठेवली.

"नाव?"

"हो. ही दुसरी कोण, म्हणाला. विसरतात वाटतं गं तिकडे गेल्यावर. मला वाईट वाटलं. म्हणून मी सांगितलं." तिने मान वर केली. "सांगायला नको होतं का?"

"सांगितलंस ते बरं केलंस," मी म्हटलं, आणि ताटं मांडली. तिचं, माझं, आणि ते.

लोव्रोने बावीस वर्षांत मला नावाने कधी हाक मारली नाही. "अगं" म्हणायचा. बसमधून हात करतानासुद्धा "अगं!" म्हणूनच ओरडायचा.

सोमवारपासून जिन्यातून हाक येते. भर दिवसा येते, नेझा घरात नसताना. आन्झे धुक्यात मारतो तशी. नाव, आणि मग थांबणं...

"पोलोना?"

मी भांडी घासत राहते. हाक पुन्हा येत नाही. पण जिन्यातून कोणी जातही नाही. तिसऱ्या पायरीवर ओल आहे, ती तिथेच आहे, ना वर सरकत ना खाली. उत्तर येईपर्यंत जागचं हलायचं नाही, ही आमच्याच घरची रीत.

काल गरम तव्याला हात लागला आणि मी झटकन मागे घेतला. भाजलं. दुखलं. मला पुन्हा सगळं वाटू लागलं आहे, आणि त्यात पहिली आली ती भीती.

जूनला फार वेळ आहे. नेझाचं वजन वाढतं आहे, डॉक्टर खूश आहेत.

मी अजून "आहे" म्हटलेलं नाही.